एकच फोन, तोंडावर पाऊस आणि बीटा: कोकणात राहणाऱ्यांनी टाकावा का?

कातळसडा (राजापूर)

आंब्याच्या शेवटच्या पेट्या रवाना झाल्या की आमच्याकडे माणसांना फोनशी खेळायला वेळ मिळतो, आणि नेमके तेव्हाच "नवा बीटा आला, आजच टाका" असे व्हिडिओ सुरू होतात. बीटा म्हणजे फोनच्या नव्या सॉफ्टवेअरची अजून चाचणीत असलेली, कच्ची आवृत्ती. आमच्या पंचक्रोशीत बीटा टाकणारे हल्ली बरेच वाढलेत, म्हणून हा धागा. "कुठला फोन घेऊ" हे प्रश्न कृपया दुसरीकडे विचारा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बीटा म्हणजे विष नव्हे, मीही टाकतो. पण त्यातल्या जोखमीचा जो हिशेब शहरातली मंडळी मांडतात, तो आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पुण्यात फोन अडकला तर माणूस संध्याकाळी रिक्षाने सर्व्हिस सेंटर गाठतो. मला राजापुरातून रत्नागिरी नाहीतर कोल्हापूर, आणि अणुस्कुरा घाटात दरड उतरली की कोल्हापूरही गेलं. वीज, टॉवर आणि रस्ता या तिघांचा भरवसा ज्या महिन्यांत सगळ्यात कमी, त्याच महिन्यांत बीटाचा हंगाम. अ‍ॅपलचंच बघा. आयफोनच्या आयओएस २६ या सॉफ्टवेअरची घोषणा ९ जून २०२५ ला झाली, सार्वजनिक बीटा २४ जुलैला आला आणि पक्की आवृत्ती १५ सप्टेंबरला. म्हणजे मृग लागल्यापासून गणपती विसर्जन होऊन जाईपर्यंत.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मंडणगड-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी बॅटरी रात्रीपर्यंत टिकते की दुपारीच मान टाकते, याला फार महत्त्व येतं. आणि बीटाची पहिली खोड बॅटरीचीच.

आपापले अनुभव लिहा. गाव लिहा, घरात फोन एकच आहे की जास्तीचा आहे तेही लिहा.

खाडीपलीकडे (मूळ गुहागर, सध्या पुणे)

सॉफ्टवेअर टेस्टिंग हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. चहा घेऊन बसा.

हंगामाबद्दल अर्धाच सहमत. अ‍ॅपलचं तुम्ही म्हणता तसंच आहे, पण अँड्रॉइडचं वेळापत्रक सरकलंय. अँड्रॉइड १६ चा पहिला बीटा जानेवारी २०२५ मध्ये आला आणि १० जूनला पक्की आवृत्ती गूगलच्या पिक्सेल फोनवर पोचलीसुद्धा. त्याआधीची दोन वर्षं पिक्सेलवाल्यांना ती ऑक्टोबरात मिळत होती. मात्र त्यानंतर तिमाही अपडेटचे बीटा चालूच राहतात. १६ च्या पहिल्या तिमाही अपडेटचा बीटा २० मे रोजीच, म्हणजे मूळ १६ पक्कं व्हायच्याही आधी आला आणि ३ सप्टेंबरला पक्का झाला. थोडक्यात, पिक्सेलवर एकदा नाव नोंदवलं की बारा महिने बीटा. "एकदा टाकून बघू" असं तिथे नसतं.

म्हणून शिरण्याआधी बाहेरचं दार कुठे आहे ते बघा. पिक्सेलवर मधेच मागे फिरायचं म्हटलं तर फोन पूर्ण पुसला जातो. न पुसता सुटायची संधी मिळते ती पक्की आवृत्ती चढल्यावर, पुढचा बीटा घेण्याआधी. तेवढ्यात नाव काढून टाकायचं. आयफोनला मागे न्यायचं तर संगणक लागतो, आणि बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. त्यामुळे बीटाआधीचा बॅकअप संगणकावर वेगळा जपलेला असेल तरच मागे जाण्यात अर्थ. काही वेळा दार कायमचंच बंद होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर अँड्रॉइड १३ चढवल्यावर १२ वर परतायची सोयच काढून टाकली होती, बूटलोडरमधली, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्राममधली, सुरक्षेची त्रुटी बुजवण्यासाठी. आणि ती तर पक्की आवृत्ती होती.

आता विजेचं. अपडेट अर्ध्यावर असताना फोन बंद पडला तर काय, असं बरेच जण विचारतात. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून दोन कप्प्यांची पद्धत आली आहे. फोन एका कप्प्यावर चालू असतो, नवं सॉफ्टवेअर दुसऱ्यात चढतं, आणि नवं सुरूच झालं नाही तर फोन जुन्यावर परततो. पिक्सेलमध्ये ही सोय पहिल्यापासून आहे. सॅमसंगने ती बरीच उशिरा, २०२४ च्या ए५५ मध्ये आणली. पण हे संरक्षण फोन सुरू होतो की नाही एवढ्यापुरतंच. फोन सुरू झाला, चित्रं दिसली आणि कॉल मात्र लागत नाही, तर कप्पा आपोआप बदलत नाही.

आणि कोकणात खरा त्रास याच कॉलचा होतो. अपडेटबरोबर मोडेमचं, म्हणजे फोन टॉवरशी जोडणाऱ्या भागाचं, सॉफ्टवेअरही बदलतं. शहरात डोक्यावर चार टॉवर असतात, तिथे मोडेमची खोड कळतही नाही. जिथे एकच दांडी येते-जाते, फोन सतत टॉवर शोधत फिरतो, तिथे तीच खोड बॅटरी खाते आणि कॉल तोडते. कोकण रेल्वेचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपल्यावर फोन किती वेळात नेटवर्क धरतो, ही माझी घरगुती परीक्षा. प्रयोगशाळेत असा बोगदा कुठून आणणार?

बॅटरीबद्दल एक सांगायचं राहिलं. पहिले एक-दोन दिवस फोन तापतो तो बऱ्याचदा बीटाचा दोष नसतो. मोठं अपडेट झालं की फोन अ‍ॅपं नव्याने बांधतो, फोटोंची यादी पुन्हा करतो. आठवड्याने तक्रार करा.

तिखला (मालवण)

कातळसडा, पावसात बीटा नको म्हणतंस, आमचो हिशोब उलटो आसा रे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. बोट वर ओढलेली, माणूस घरी, जाळी शिवत बसलेला. तेव्हा फोन दोन दिवस मुका झाला तर कोणाचं अडत नाही. नारळी पौर्णिमा झाली, दर्या शांत झाला की मात्र फोन धड पाहिजे. बोटीवर जीपीएस आणि वायरलेस वेगळे असतात, फोनच्या भरवशावर कोण जात नाही, पण इन्कॉइस या सरकारी सागरी संस्थेचा लाटांचा नि वाऱ्याचा अंदाज, मासळी कुठे मिळेल त्याचा संदेश, लिलावाला दर काय चाललाय, हे सगळं फोनवरच. तेव्हा जा काय खेळायचा ता जून-जुलैत खेळून घ्या आणि ऑगस्ट उजाडायच्या आत पक्क्यावर या.

कातळसडा (राजापूर)

हा हिशेब आवडला. बागायतदारांचाही असाच मांडता येईल. मार्च ते मे फोन म्हणजे आमचा गल्ला. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयवर, ट्रकवाला फोनवर. त्या तीन महिन्यांत अपडेटच्या बटणाला हात लावायचा नाही, बीटा तर राहोच. आणि खाडीपलीकडे म्हणतात तसं अँड्रॉइडचा मुख्य बीटा जानेवारीत येत असेल, तर तो पिकतो नेमका आमच्या हापूसबरोबर.

दुकान_१_ते_४_बंद (कुडाळ)

मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने लिहितो.

बीटा टाकून फोन कायमचा मेला, असं फार क्वचित बघितलंय. दुकानात येतात ते वेगळेच. पहिला प्रकार म्हणजे "बीटातून बाहेर पडलो, फोन रिसेट झाला, आता जुनं गूगल खातं मागतोय." ही चोरीविरोधी कुलपाची सोय आहे, रिसेटनंतर आधीचंच खातं आणि पासवर्ड द्यावा लागतो. आपल्याकडे निम्म्या लोकांचं जीमेल खातं फोन विकणाऱ्या दुकानदाराने बनवलेलं असतं. पासवर्ड त्यालाही आठवत नाही, आणि रिकव्हरीला दिलेला नंबर कधीच बंद झालेला. बीटाचं नाव खराब होतं, घोळ खात्याचा असतो. तेव्हा बीटाचा विचार करायच्या आधी घरच्या संगणकावर किंवा दुसऱ्या फोनवर त्याच खात्याने लॉगिन होतं का, ते करून बघा. झालं नाही तर बीटा विसरा आणि आधी खातं सोडवा.

दुसरा प्रकार टेलिग्रामवरच्या फायलींचा. कोणीतरी लिंक देतो, त्यासाठी बूटलोडर उघडायला सांगतो. बूटलोडर उघडला की तिथेच फोन पुसला जातो, वर बँकेची बरीच अ‍ॅपं त्यानंतर चालत नाहीत. कंपनीचा सार्वजनिक बीटा सेटिंगमधून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून रीतसर येतो. सॅमसंगचा मेंबर्स अ‍ॅपमधून येतो. त्यांच्या वन यूआय ७ या सॉफ्टवेअरचा बीटा डिसेंबर २०२४ मध्ये एस२४ साठी ज्या सहा देशांत उघडला त्यात भारत होता, म्हणजे चोरवाटेची गरजही नव्हती. काही कंपन्या "डेव्हलपर प्रीव्ह्यू" देतात, त्याच्या पानावर त्यांनी स्वतःच लिहिलेलं असतं की फोन निकामी होऊ शकतो. ती ओळ शोभेची नसते.

तिसरं म्हणजे बॅकअप. एका दशावतारी कंपनीत पेटी वाजवणारे काका आले होते, फोन रिसेट झालेला. फोटो सगळे परत आले, पण नाटकांची रेकॉर्डिंगं गेली. कारण गूगल फोटोज नावाप्रमाणे फोटो आणि व्हिडिओच ठेवतं, ऑडिओ नाही. आवाजाच्या फायली, पीडीएफ, सातबाऱ्याची उतरवून घेतलेली प्रत, हे सगळं पेन ड्राइव्हवर हाताने काढून ठेवावं लागतं.

आणि मेल्यांनो, स्वतःच्या फोनात काय घालायचा ता घाला, आवशीच्या फोनात बीटा घालू नका.

तुतारी_स्लीपर (डोंबिवली, मूळ सावंतवाडी)

शेवटच्या ओळीला +१००.

निवृत्त_कॅशियर (चिपळूण)

यूपीआयबद्दल लिहितो, कारण वर त्याचा नुसता उल्लेख आला आहे.

यूपीआय अ‍ॅप तुमच्या सिमला आणि त्या फोनला बांधलेलं असतं. नोंदणीच्या वेळी फोनमधून एक एसएमएस बँकेकडे जातो, त्यावरून हा नंबर याच फोनात आहे हे ठरतं. फोन पुसला गेला की ही बांधणी पुन्हा करावी लागते. त्यासाठी एसएमएस जाण्याइतकं नेटवर्क हवं, आणि बऱ्याच बँकांत नव्या बांधणीनंतर पहिले २४ तास ५,००० रुपयांच्या वर पाठवता येत नाही. आयफोनला ही मुदत काही बँका आणखी लांबवतात. दवाखान्यात पैसे भरायचे असतील त्या दिवशी हे किती महागात पडेल, याचा विचार करा.

बँकेचं अ‍ॅप उघडताना फोनचं सॉफ्टवेअर प्रमाणित आहे का, हेही तपासलं जातं. अधिकृत बीटा सहसा त्यातून पार होतो, पण एखाद्या बँकेचं अ‍ॅप नव्या आवृत्तीवर नुसतं उघडून बंद होऊ शकतं, आणि बँकेला त्याची घाई नसते. ती पक्की आवृत्ती आल्यावरच दुरुस्ती करते. म्हणून बीटा असेतोवर एटीएम कार्ड खिशात आणि थोडी रोकड घरात. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा कोणाचं अ‍ॅप कुठल्या आवृत्तीवर होतं हे कोणी विचारलं नाही. नोटाच चालल्या, त्याही वाळवून.

उकडा_भात (हर्णै)

मी होमस्टे चालवते. सगळे प्रतिसाद वाचले, आणि माझा प्रश्न साधा आहे. हे आपण का करायचं? जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्या, त्यांच्या सॉफ्टवेअरमधले किडे शोधायला आपण आपली वीज, आपला डेटा आणि आपला फोन द्यायचा, आणि बदल्यात काय, तर घड्याळाचा नवा फाँट इतरांपेक्षा महिनाभर आधी. त्यांनी पगारी माणसं ठेवावीत.

खाडीपलीकडे (मूळ गुहागर, सध्या पुणे)

ताई, पगारी माणसांतला एक मीच. आम्ही असूनही बरंच सुटतं, आणि कोणाचं सुटतं तेही बघा.

फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूमधलं एक जोडाक्षर आयफोनवर आलं की मेसेजचं अ‍ॅपच कोसळत होतं. कोणीतरी ते एक अक्षर पाठवायचं आणि समोरच्याचं अ‍ॅप उघडेना. अ‍ॅपलने १९ फेब्रुवारीला आयओएस ११.२.६ काढून ते मिटवलं. गंमत अशी की तेव्हा चाचणीत असलेल्या ११.३ बीटामध्ये हा दोष नव्हता, म्हणजे त्या आठवड्यात बीटावालेच सुरक्षित होते. तेलुगू कोट्यवधी लोकांची भाषा आहे, तिची ही अवस्था. आपल्या "ऱ्या"चं आणि "ॲ"चं काय होतं ते नव्या फाँटमध्ये तुम्हीही बघितलं असेल. "दऱ्या" लिहिताना र तुटून बाजूला पडलेला, किंवा चंद्र अक्षरावरून घसरलेला. कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाला त्यात काही चुकलंय हेच कळत नाही. ते सांगायला मराठी वाचणारा हवा, आणि पक्की आवृत्ती निघायच्या आधी हवा. नंतर सांगितलं तर दुरुस्ती पुढच्या फेरीत जाते.

ऐकतात का? कधी कधी ऐकतात. आयओएस २६ च्या पहिल्या बीटातली ती काचेसारखी पारदर्शक रचना वाचताच येत नाही, अशी ओरड झाली, आणि पुढच्या बीटांत ती काच कमी-जास्त धुरकट होत गेली. पण "मोबाइल स्लो चालतो" एवढ्यावर काही होत नाही. कुठलं अ‍ॅप, काय दाबल्यावर, दर वेळी होतं की अधूनमधून, आणि स्क्रीनचा फोटो. आयफोनवर फीडबॅकचं वेगळं अ‍ॅप मिळतं, पिक्सेलवरही मिळतं, सॅमसंगवर मेंबर्समधूनच कळवता येतं.

एक सावधगिरी. सोबत जो भलामोठा लॉग, म्हणजे फोनने आपोआप ठेवलेली नोंद, जातो त्यात तुमची खाती, वायफायची नावं, उघडलेली अ‍ॅपं अशा बऱ्याच खुणा असतात. तो कंपनीच्या अ‍ॅपमधूनच पाठवा, कुठल्या ग्रुपवर किंवा सार्वजनिक पानावर टाकू नका.

उकडा_भात (हर्णै)

जोडाक्षरांचं पटलं. पण त्यासाठी अख्ख्या तालुक्याने बीटा टाकायची गरज नाही ना? तुमच्यासारखे दोघे-चौघे पुरेत, आम्ही तुम्हाला आंबोळ्या खाऊ घालू.

खाडीपलीकडे (मूळ गुहागर, सध्या पुणे)

मंजूर. काळ्या वाटाण्याची उसळ पण हवी.

कोर्लई_बत्ती (रेवदंडा)

सगळे "पक्की आवृत्ती" म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असल्यासारखं बोलताहेत, म्हणून थोडी काडी टाकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ पक्कं होऊन आलं आणि ज्या पिक्सेलवर एकाहून जास्त वापरकर्ते नोंदलेले होते त्यातल्या काहींना स्वतःच्याच फोटो-फायलींपर्यंत पोचता येईना. सप्टेंबर २०२४ मध्ये पक्क्या आयपॅडओएस १८ ने काही एम४ आयपॅड प्रो बंद पाडले आणि अ‍ॅपलला ते अपडेट तात्पुरतं मागे घ्यावं लागलं. तेव्हा "बीटा नाही म्हणून मी निर्धास्त" हेही खरं नाही. मी पक्की आवृत्तीसुद्धा पहिल्या दिवशी घेत नाही, दोन-तीन आठवडे थांबतो. बॅकअप मात्र बीटावाल्यांसारखाच ठेवतो.

दुसरं, किनाऱ्यावरच्यांनी मोठं अपडेट झाल्यावर आपत्कालीन सूचनांची सेटिंग उघडून बघावी. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने मोठ्या आवाजात वाजणारे चाचणी संदेश पाठवले होते ते आठवत असतील. तशी वादळाची सूचना यायची तर ते बटण चालू हवं.

तुतारी_स्लीपर (डोंबिवली, मूळ सावंतवाडी)

माझी पद्धत सांगतो. मुख्य फोनवर पक्कं, जुन्या आयफोन ११ वर बीटा. पण जास्तीचा फोन म्हणजे कपाटातला कुठलाही डबा चालत नाही. आयओएस २६ साठी ११ किंवा त्यापुढचा लागतो, एक्सआर आणि एक्सएस बाहेर. पिक्सेलमध्ये अँड्रॉइड १६ साठी ६ पासून पुढचे. म्हणजे "जुना फोन आहे की" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे बीटा चालेल असा जुना फोन नसतोच. आणि त्या जुन्या फोनात दुसरं सिम घालून तो खरोखर वापरला नाही, तर बीटा टाकून काही कळत नाही. नुसता टेबलावर पडलेला फोन कधीच बिघडत नाही.

मला स्वतःला मजा येते, हे कबूल करायला लाज कसली? कोणी मासे गरवायला जातं, मी बीटा टाकतो.

वाडीतला_नवा (कणकवली)

नमस्कार. नवीन सभासद आहे. सॅमसंग आहे, वन यूआयचा बीटा टाकलाय, फोन एकच. ब्लूटूथवर बोलताना आवाज तुटतो, बाकी ठीक. गणपतीला मुंबईहून सगळे येणार, तिकिटं माझ्याच फोनात. आत्ता मागे जाऊ का?

दुकान_१_ते_४_बंद (कुडाळ)

नको. मागे जायचं म्हणजे संगणकावर सॅमसंगचं स्मार्ट स्विच घालून जुनी आवृत्ती चढवायची, त्यात फोन पुसला जाणार आणि यूपीआय पुन्हा बांधावं लागणार. नुसत्या ब्लूटूथसाठी एवढा खटाटोप कशाला? वायरचा हेडफोन लाव, नाहीतर स्पीकरवर बोल. त्रुटी मेंबर्समधून कळव. तिकिटांचे स्क्रीनशॉट काढून बायकोच्या फोनात टाक, कागदावर छापून घेतलीस तर आणखी बरं. आणि गणपतीच्या आठवड्यात नवा बीटा आला तर तो दाबू नको, आपोआप अपडेट होण्याचं बटण आत्ताच बंद कर. आमचं दुकान तेव्हा पाच दिवस बंद असतं.

वाडीतला_नवा (कणकवली)

धन्यवाद दादा. गणपतीनंतर पक्की आली की बाहेर पडतो. स्मार्ट स्विचची वेळ आलीच तर विंडोजचा जुना लॅपटॉप चालेल ना?

दुकान_१_ते_४_बंद (कुडाळ)

चालेल. केबल मात्र फोनबरोबर आलेलीच घे, बाजारातल्या बऱ्याच स्वस्त केबल नुसतं चार्जिंग करतात, त्यातून डेटा जात नाही. आणि लॅपटॉपची बॅटरी धड नसेल तर इन्व्हर्टरवर लाव.